गृहकर्ज मुदतीआधी फेडायचंय? खान्देशातल्या नव्या कर्जदारांसाठी पायरीपायरीने

वास्तुशांत होते, पाहुणे परततात, पहिला हप्ता खात्यातून कापला जातो, आणि बँकेने वीस वर्षं दिली आहेत म्हटल्यावर कर्जाचा विषय घरात मागे पडतो. नेमका हाच काळ सगळ्यात महागाचा असतो. जळगावला रो-हाऊस घेतलेले असोत, धुळ्याला प्लॉटवर बांधकाम केलेले असोत की भुसावळला रेल्वेच्या नोकरीवर फ्लॅट घेतलेले, पहिल्या चार-पाच वर्षांत जे केलं त्याचाच पुढे सर्वाधिक उपयोग होतो.

वीस वर्षांचं कर्ज चौदा वर्षांत फेडायला फार मोठा पगार लागत नाही. वीस लाखांच्या कर्जाला महिन्याला तीनेक हजार रुपये लागतात आणि ते ज्या महिन्यात वाचले त्याच महिन्यात मुद्दलात भरायची सवय लागते. खान्देशातली घरं काटकसरीला कधीच कमी नव्हती. पण वाचलेला पैसा कर्जखात्यापर्यंत पोहोचायच्या आत लग्नाच्या आहेरात, नव्या मोबाइलमध्ये नाहीतर बचतखात्यात पडून पडून संपतो. माझ्या सासूबाई अहिराणीत म्हणतात, "हातमा पैसा टिकस नई." म्हणून तो हातात ठेवायचाच नाही, यावर हा सगळा लेख आहे.

पहिलं काम: स्टेटमेंट समोर घेऊन बसा

बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेतून कर्जखात्याचं स्टेटमेंट आणि रिपेमेंट शेड्युल, म्हणजे हप्त्यांचं वेळापत्रक, काढा. नवरा-बायको दोघांनी मिळून ते वाचा. एक उदाहरण धरू. २० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये. आता पहिल्या महिन्याची ओळ पाहा. त्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात गेलेले दिसतील आणि मुद्दलातून कमी झाले असतील फक्त ३,१८९. पहिल्या वर्षभरात तुम्ही २ लाख ८ हजारांच्या वर भरता, आणि कर्ज उतरतं जेमतेम ४० हजारांनी. हप्त्यातला अर्धा भाग मुद्दलात जायला लागतो तो जवळजवळ बारा वर्षांनी. वीस वर्षांत एकूण भरणा होतो ४१ लाख ६५ हजारांच्या आसपास, म्हणजे घेतले त्याच्या दुपटीहून जास्त.

याच कर्जात दर महिन्याला ३,००० रुपये जास्तीचे मुद्दलात भरले तर २४० हप्त्यांचे साधारण १६९ होतात. जवळजवळ सहा वर्षं आणि सात लाखांवर व्याज वाचतं. महिन्याला जमत नसेल आणि वर्षातून एकदाच एक जादा हप्ता भरला, तरी सव्वातीन वर्षांच्या आसपास मुदत घटते.

आणि घाई का, तेही याच हिशेबात दिसतं. पहिलं वर्ष संपताना एकरकमी १ लाख भरले तर पुढचे २६ हप्ते कमी होतात. तेच १ लाख बाराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर कमी होतात ११. स्वतःच्या कर्जाचे आकडे इंटरनेटवरच्या कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरवर टाकून पाहा आणि ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मुलं मोठी असतील तर त्यांनाही दाखवा. घरात कर्ज किती आहे हे मुलांपासून लपवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

दुसरं काम: कर्ज कुठल्या प्रकारचं आहे ते विचारा

मंजुरीपत्र काढा. व्याजदर बदलता आहे की स्थिर, एवढं पहिल्यांदा बघा. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तसा आदेश काढला आहे. गृहवित्त कंपन्यांनाही अशी मनाई आहे. दर स्थिर असेल, किंवा पहिली दोन-तीन वर्षं स्थिर आणि मग बदलता असेल, तर त्या स्थिर काळात शुल्क लागू शकतं. मंजुरीपत्रात ते लिहिलेलं असतं.

व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर धरतात की महिन्याच्या, हेही विचारून घ्या. रोजच्या शिलकीवर असेल तर २८ तारखेला भरण्यापेक्षा ३ तारखेला भरलेले पैसे जास्त कामाचे.

एक महत्त्वाची सूचना. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधून व्याज अनुदान घेतलं असेल, तर ते पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं आणि प्रत्येक वेळी कर्जखातं चालू असावं लागतं, मुद्दलही निम्म्याहून जास्त शिल्लक असावं लागतं. अशांनी अनुदान पूर्ण हाती येईपर्यंत जादा भरणा बेताने करावा.

तिसरं काम: आधी हे, मग जादा भरणा

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घराचं कर्ज हे बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात स्वस्त कर्ज असतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी, पर्सनल लोन, सोनेतारण, कृषी केंद्रावरची उधारी, हातउसने घेतलेले व्याजी पैसे, यातलं काहीही असेल तर वाचलेला रुपया पहिल्यांदा तिकडे जाऊ द्या. पीककर्ज असेल तर ते ठरलेल्या तारखेच्या आत भरा, कारण वेळेत फेडणाऱ्यालाच व्याजाची सवलत मिळते. ती एकदा हुकली की घरकर्जात भरलेल्या दोन हजारांना अर्थ राहत नाही.

मग तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च, हप्ता धरून, बाजूला ठेवायचा. मुद्दलात भरलेला पैसा दवाखान्याच्या दारात उभं असताना परत मिळत नाही. ही रक्कम ठेवायची कुठे? बँकेत, साध्या एफडीत. दीड-दोन टक्के जास्त व्याजाच्या लोभाने पतसंस्थेत ठेवू नका. ठेवी अडकून वर्षानुवर्षं चकरा मारणारी माणसं आपल्या भागात प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही.

कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स आणि घराचा आरोग्य विमा हेही याच पायरीत येतं. त्यावर लांबण लावत नाही, पण हे नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

चौथं काम: तीन हजार शोधायचे

हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे, तरी आमच्याकडे खरोखर फरक पडतो तो कुठे, ते सांगते.

वर्षाचं धान्य भरणं. गेल्या काही वर्षांत ही पद्धत नव्या कॉलन्यांमधून मागे पडत चालली आहे. दर महिन्याला पाच-पाच किलोची पाकिटं आणली जातात. रब्बीचा माल बाजारात येतो तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, गहू आणि दादर (रब्बीची ज्वारी) एकदम घ्या. ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट मिळाले तर उत्तमच. तूरडाळीसाठी जळगावसारखं ठिकाण नाही; दालमिलमधून किंवा ठोक दुकानातून वर्षाची डाळ घेतली की किराण्याचं बिल हलकं होतं. लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात हंगामात घेऊन वर्षाचा मसाला एकदाच करा. धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग गव्हाला एरंडेलाचा हात लावून कोठीत भरायचं आणि मध्ये मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. गरम धान्य भरलं तर कोठीत घाम सुटतो आणि किडे पडतात, एवढं सांभाळलं की वर्षभर बघावं लागत नाही. एकरकमी पैसे नसतील तर दोन-तीन घरांनी मिळून टेम्पो सांगा, वाहतूक विभागून जाते.

उन्हाळी वाळवणाचंही तसंच. पहाटे पाचला गच्चीवर बिबड्यांसाठी मोठं पातेलं चढतं. भिजवून आंबवलेली, दळलेली ज्वारी शिजत असते, त्यात लसूण, मिरची, तीळ, आणि ऊन चढायच्या आत शेजारच्या चार बायका मिळून ओल्या कापडावर पळीपळीने बिबडे घालतात. कुरडया, उडदाचे पापड, वडे असेच होतात. दुकानात याच गोष्टींना काय भाव आहे तो एकदा बघून या. शिवाय हाताला चव असेल तर चार किलो जास्तीचे करून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना रीतसर पैसे घेऊन पाठवा. संकोच करू नका. मेहनत आहे, तिची किंमत घ्यावी. ती रक्कम मात्र त्याच आठवड्यात मुद्दलात.

बाहेरचं खाणं. शेवभाजी आणि भाकरी घरी करायला तासभरसुद्धा लागत नाही, पण चौघं जण ढाब्यावर गेलं की बिल किती होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. बंद केलेल्या गोष्टी दोन महिन्यांनी दामदुपटीने सुरू होतात. महिन्यातून चारदा जात असाल तर एकदा जा. थंडीत भरीत पार्टी करा. कुणाच्या तरी शेतात काटक्यांवर भाजलेली वांगी, बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, सोबत कांद्याची पात. दहा माणसं पोटभर जेवतात आणि मुलांना हॉटेलाची आठवण येत नाही.

वीज. आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, त्यामुळे कूलर-एसी बंद ठेवा हा सल्ला देणं क्रूरपणाचं आहे. पण साधा जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो आणि बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालतात असं धरलं तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट कमी होतात. महावितरणचे दर १००, ३००, ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, म्हणून वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महाग टप्प्यातली असतात. चारही पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वात जास्त चालतो तो आधी बदला. एसी २६ वर ठेवून सोबत पंखा लावा. तापमान एका अंशाने वाढवलं की एसीची वीज सुमारे ६ टक्के वाचते. गच्चीला उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचे दोन हात द्या.

गच्ची स्वतःची आहे, म्हणून सोलरचा विचार जरूर करा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. उरलेल्या रकमेसाठी नवं कर्ज काढणार असाल तर त्याचा हप्ता वाचणाऱ्या बिलापेक्षा कमी असला पाहिजे, नाहीतर थांबा.

सोनं. या विषयावर जळगावात बोलणं अवघड आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला, गुरुपुष्याला सराफ बाजारात जायची आपली रीत आहे. कर्जाची पहिली पाच वर्षं नवा दागिना घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी जातो, वर घडणावळ, आणि ते मोडताना परत येत नाही. अंगावरचं सोनं विकून कर्ज फेडा असा सल्ला मी कुठल्याच बाईला देणार नाही. ते स्त्रीधन आहे आणि अडीनडीला तेच उभं राहतं.

लग्नसराईतले आहेर आणि मानपान यांना घरातल्या मोठ्यांची साथ लागते. सासरे, जेठ, नणंदा सगळ्यांना एकदा बसवून सांगा की घराचं कर्ज आहे, पाच वर्षं आहेर साधाच राहील. एकदा स्पष्ट बोललं की माणसं समजून घेतात. न बोलता हात आखडला तर रुसवे होतात.

पाचवं काम: पैसा त्याच दिवशी मुद्दलात

पगार किंवा दुकानाचा गल्ला हाती आला की महिनाअखेरची वाट न बघता ठरलेले दोन-तीन हजार आधीच कर्जखात्यात वळते करा आणि उरलेल्यात महिना चालवा. महिनाअखेरीला काही उरत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

बऱ्याच बँकांत ॲपवरून किंवा नेट बँकिंगमधून "पार्ट प्रीपेमेंट" करता येतं. काहींची किमान रकमेची अट असते. तशी असेल तर दर महिन्याला वेगळं रिकरिंग खातं चालवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदम भरा. शाखेत जाऊन भरत असाल तर सोबत साधा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. मजकूर असा:

"माझ्या गृहकर्ज खात्यात आज भरलेली रक्कम मुद्दलात जमा करावी. मासिक हप्ता आहे तोच ठेवून कर्जाची मुदत कमी करावी आणि नवीन रिपेमेंट शेड्युल द्यावे."

यातला प्रत्येक शब्द गरजेचा आहे. "मुद्दलात" लिहिलं नाही तर काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते. आणि मुदतीचं लिहिलं नाही तर हप्ता कमी करून मिळू शकतो. वरच्याच उदाहरणात पहिल्या वर्षाअखेर १ लाख भरून हप्ता कमी करून घेतला तर तो फक्त ८८५ रुपयांनी उतरतो आणि शेवटपर्यंत मिळून वाचतं सुमारे १ लाख. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर वाचतं साडेतीन लाखांच्या वर. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून मुद्दल खरोखर कमी झालंय का ते बघा. दर वेळी बघा.

उत्पन्न एकदम येणाऱ्या घरांचं गणित वेगळं आहे. कापूस विकला, केळीची पट्टी हातात आली, दिवाळीचा बोनस किंवा महागाई भत्त्याची थकबाकी जमा झाली, की त्यातला किती भाग कर्जात जाणार हे पैसे यायच्या आधी ठरवून ठेवा. शेतकऱ्याने आधी पुढच्या हंगामाचं बियाणं, खत आणि मजुरीचे पैसे वेगळे काढावेत, तो भाग कर्जात घालू नये. नंतर त्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागतात. उत्पन्न फार वरखाली असणाऱ्यांनी ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाची चौकशी करावी. त्यात जादा पैसे खात्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर काढताही येतात. दर थोडा चढा असतो. आणि काढायची सोय आहे म्हणून काढत राहणाऱ्या घराने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीपासून धरतात. कर्जाचा वार्षिक हिशेबही आखाजीलाच करायचा: गेल्या वर्षी मुद्दल किती होतं, आज किती आहे, किती हप्ते घटले. जादा भरणा तेव्हाच शंभर-दोनशेने वाढवायचा.

सहावं काम: व्याजदर बदलला की जागे राहा

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला. बऱ्याच जणांचा हप्ता तोच राहिला, म्हणून काही बदललं असं वाटलंच नाही, पण आत मुदत वाढत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायला हवा. असं पत्र किंवा मेसेज आला की झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

दर उतरतो तेव्हा उलट करायचं. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर १ टक्क्याने खाली आला. अशा वेळी कमी हप्त्याचा मोह टाळून जुनाच हप्ता चालू ठेवा. सुरुवातीलाच दर ८.५ वरून ७.५ झाला आणि हप्ता १७,३५६ च राहिला, तर २४० ऐवजी साधारण २०५ हप्त्यांत कर्ज संपतं.

कर्ज ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं असेल तर ते जुन्या पद्धतीच्या दराशी जोडलेलं असू शकतं. शाखेत विचारा, थोडं शुल्क भरून रेपोशी जोडलेल्या दरावर जाता येतं.

कराबद्दल थोडक्यात. "व्याजावर करसवलत मिळते, मग फेडायचं कशाला?" असं सांगणारे भेटतील. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. आणि जुन्या प्रणालीतसुद्धा वीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस शंभर रुपये व्याज भरून वीस-एकवीस रुपये कर वाचवतो. उरलेले गेलेच.

शेवटचं काम: कर्ज संपल्यावरची कागदपत्रं

शेवटची रक्कम भरण्याआधी बँकेकडून त्या तारखेपर्यंतचं फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज पूर्ण बंद करायला नेमके किती भरायचे त्याचा हिशेब, लेखी घ्या. भरून झालं की "नो ड्यूज" प्रमाणपत्र, मूळ खरेदीखत आणि तुम्ही दिलेली बाकीची कागदपत्रं, उरलेले कोरे धनादेश, हे सगळं यादीशी ताडून परत घ्या. ही यादी कर्ज घेतानाच करून ठेवलेली बरी. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. खात्यातून हप्ता कापण्याची सूचनाही रद्द करून घ्या.

मग बोजा उतरवायचा. सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर बँकेचं नाव चढलेलं असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठी कार्यालयात किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज करा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा तपासा. गहाणखत नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे तारणमुक्तीचा दस्त करावा लागतो. घर विकायच्या किंवा मुलांच्या नावावर करायच्या वेळी या नोंदी अडतात आणि तोवर बँकेतली ओळखीची माणसं बदललेली असतात, म्हणून हे काम त्याच महिन्यात उरका.

दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात खातं "बंद" दिसलं पाहिजे. कर्जासोबत विमा घेतला असेल तर त्यावरचं बँकेचं नाव काढून वारस लावून घ्या, आणि उरलेल्या मुदतीचा हप्ता परत मिळतो का तेही त्याच फेरीत विचारा.